आठ दात आणि दोन नावं : भारतथेरियमचं प्रकरण

२००७ साली डायनासोरांच्या काळातल्या एकाच सस्तन प्राण्याचं दोन ठिकाणी बारसं झालं. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात गुंटुपल्ली प्रसाद, अशोक साहनी, अमेरिकेतले डेव्हिड क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं नाव ‘भारतथेरियम बोनापार्टी’ ठेवलं. त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी’मध्ये ग्रेगरी विल्सन, डी. सी. दास सरमा आणि एस. अनंतरामन यांनी त्याला ‘दक्षिणा जेडेरी’ म्हटलं. दोन्ही गट आपापलं काम करत होते, दोघांकडेही अस्सल जीवाश्म होते आणि दोघांचंही वर्णन चोख होतं. तरीही प्राणी एक आणि नावं दोन, असं झालं.

नावाचा निकाल पुढे नियमाने लागला, त्यात वादासारखं फार काही नव्हतं. मला हे प्रकरण मोलाचं वाटतं ते वेगळ्या कारणाने. हातात आठ सुटे दात असताना किती सांगता येतं आणि कुठे थांबावं लागतं, हे इथे जवळून पाहायला मिळतं. शिवाय हे दात ज्या दगडांच्या मधून आले, त्याच दगडांवर आपला बहुतेक महाराष्ट्र वसलेला आहे.

दोन पाषाणांच्या मधला गाळ

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहत होता. सह्याद्रीच्या कड्यांत एकावर एक दिसणारे पट्टे म्हणजे त्या वेळचे एकेक थर. पण हे उद्रेक सलग चालले नाहीत. एक लोंढा थंड झाल्यावर दुसरा यायला कधीकधी हजारो वर्षं लागायची. तेवढ्या उसंतीत वरचा दगड झिजून माती व्हायची, खोलगट जागी पाणी साचून तळी व्हायची, झाडं उगवायची, मासे, बेडूक, कासवं, मगरी नांदायच्या. मग पुढचा लाव्हा यायचा आणि तळ्याचा गाळ आहे तसा त्याखाली गाडला जायचा. दोन लाव्हाथरांत सापडणाऱ्या या गाळाला भूवैज्ञानिक इंटरट्रॅपियन थर म्हणतात. त्याची जाडी बऱ्याचदा काही मीटरच भरते, आणि दख्खनच्या त्या काळातल्या जिवांबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं या थरांनीच जपून ठेवलेलं आहे. मुंबईत वरळीच्या अशाच थरांतून इंडोबॅट्राकस नावाचा चिमुकला बेडूक एकोणिसाव्या शतकातच उजेडात आला होता. नागपूर भागातले जीवाश्म त्याच शतकात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला त्यांचंच नाव आहे.

सस्तन प्राणी मात्र सापडत नव्हते. क्रिटेशस, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या, काळातला भारतातला पहिला सस्तन प्राणी जाहीर व्हायला १९८८ साल उजाडलं. तेलंगणातल्या विकाराबादजवळच्या नसकल गावाच्या इंटरट्रॅपियन थरातून प्रसाद आणि साहनी यांनी त्याचे दात शोधले आणि हिस्लॉप यांच्या स्मरणार्थ त्याला ‘डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी’ असं नाव दिलं. इतका उशीर का झाला, याचं उत्तर दातांच्या आकारात आहे. त्या काळचे सस्तन बहुतेक उंदीर-चिचुंद्रीएवढे. त्यांचे दात एक-दोन मिलिमीटरचे. शेताच्या बांधावरून चालत जाताना ते कुणाच्या नजरेला पडणं शक्यच नाही. थर पोत्यांत भरून आणावा लागतो, उन्हात खडखडीत वाळवून भिजत घालावा लागतो म्हणजे चिकणमाती सुटते, मग बारीक जाळीच्या चाळण्यांतून पाण्याखाली धुवावा लागतो. चाळणीत उरतो तो कचरा वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली चिमूट चिमूट पसरायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कण बाजूला सारत जायचं. माशांचे खवले, बेडकांची हाडं, शिंपल्यांचे तुकडे ढिगाने निघतात. सस्तनाचा दात क्वचित. हे काम चिकाटीने करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो, कारण पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं त्यांनी धुतलेल्या पोत्यांवर उभं आहे.

आपल्या प्रकरणातला पहिला दात अशाच कामातून १९८९ साली हाती आला. तो छापून यायला १९९७ उजाडलं आणि त्याला नाव मिळायला आणखी दहा वर्षं लागली.

दातात काय आहे

आज भारतथेरियमचे म्हणून एकूण आठ दात मोजले जातात. एक पटाशीचा, सात दाढांसारखे. ‘दाढांसारखे’ असं मुद्दाम म्हटलं, कारण हा प्राणी ज्या कुळातला त्या कुळात उपदाढ कुठली आणि दाढ कुठली हे नेमकं ठरवता येत नाही. अभ्यासकही तसंच सावध बोलतात. हे दात ६ ते साडेआठ मिलिमीटर उंच आहेत, माथा जेमतेम अडीच मिलिमीटरचा. म्हणजे आकार तांदळाच्या लांब दाण्याएवढा, आणि दाण्यासारखाच एका बाजूला किंचित वाकलेला.

दात बाजूने पाहिला तर एक खोल पन्हळ वरून खालपर्यंत उतरताना दिसते. माथ्याकडून पाहिलं तर मधोमध एक पोकळी आत गेलेली. झीज होत गेली की या पन्हळीच्या आणि पोकळीच्या कडेचं कठीण इनॅमल उंच राहतं, मधलं मऊ डेंटीन आधी झिजतं, आणि माथ्यावर धारदार कडांची नक्षी तयार होते. दात जसजसा वापरावा तसतशा या कडा नव्याने तयार होत राहतात. इनॅमलवर आडव्या बारीक रेघा आहेत. इनॅमलच्या आतल्या रचनेत तर अशी वीण आहे की पडलेली भेग फार पुढे सरकू नये. तिचा अर्थ अभ्यासकांनी तसाच लावला आहे. उंच मुकुट (म्हणजे दाताचा इनॅमलने मढलेला भाग), खोल पन्हळ, भेगा अडवणारं इनॅमल या तिन्ही गोष्टींचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. हा प्राणी दात झपाट्याने झिजवणारं काहीतरी रोज चावत होता.

इथवर आपण दाताबद्दल बोललो, प्राण्याबद्दल अजून नाही. हा फरक मला शेवटपर्यंत राखायचा आहे.

पॅटागोनियातले नातलग

उंच मुकुटाचा असा दात दख्खनच्या थरात एकटाच सापडला असता तर त्याला काय म्हणावं हे कुणालाच सुचलं नसतं. तोपर्यंत अर्जेंटिनात त्याच्या नातलगांची ओळख पटायला सुरुवात झाली होती, म्हणून निभावलं.

१९८०च्या दशकाच्या मध्यात गुस्ताव्हो सिलातो-याने आणि रोसेंदो पास्क्वाल यांनी पॅटागोनियाच्या पुंता पेलिग्रो या किनाऱ्यावरच्या जागेतून ‘सुडामेरिका अमेघिनोई’ नावाचा प्राणी जाहीर केला. डायनासोर संपल्यानंतरच्या पॅलिओसीन काळातला. त्याच्यावरूनच पुढे सगळ्या कुळाला सुडामेरिसिडे हे नाव मिळालं. सुरुवातीला त्याला आर्माडिलो, स्लॉथ, मुंगीखाऊ यांच्या गोतावळ्यात बसवलं गेलं. दक्षिण अमेरिकेत विचित्र दातांचा प्राचीन सस्तन सापडला की त्या गोताची आठवण होणं साहजिकच होतं. मग होसे बोनापार्त यांनी त्याहून जुन्या, क्रिटेशस काळातल्या लोस आलामितोसच्या थरांतून ‘गोंडवानाथेरियम’ आणि ‘फेरुग्लिओथेरियम’ हे त्याचे सोबती शोधले. फेरुग्लिओथेरियमचे दात बुटके होते आणि मल्टिट्युबरक्युलेट या गटाशी जुळणारे वाटत होते. हा गट म्हणजे उत्तरेकडच्या खंडांत भरभराटीला आलेले, दिसायला उंदरासारखे पण उंदरांशी दूरचंही नातं नसलेले प्राचीन सस्तन. म्हणून सगळं बिऱ्हाड तिकडे हलवलं गेलं.

१९९९ मध्ये सुडामेरिकाचा खालचा जबडा तपासून झाला आणि हेही ठिकाण डळमळलं. त्या जबड्यात दाढांसारखे चार दात एका ओळीत होते. मल्टिट्युबरक्युलेटांच्या खालच्या जबड्यात दाढा दोनच असतात आणि त्यांच्या पुढे पात्यासारखी उपदाढ. हे गणित काही जुळेना. तेव्हापासून या सगळ्या बिऱ्हाडाला, म्हणजे गोंडवानाथेरियांना, वेगळा गट मानून, आजच्या सस्तनांच्या मुख्य शाखांच्या बाहेर पण त्यांच्या जवळपास ठेवायची पद्धत पडली.

दोन वेळा घर बदलावं लागलं, याचा दोष मी संशोधकांना देत नाही. त्यांच्या हातात दातच होते, आणि दात आहारामुळे घडतात तसेच वंशामुळेही घडतात. उंच, पन्हळी दात निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे आलेले आपण घोड्यात, सशात, हत्तीत पाहतोच. म्हणून अशा दातावरून नातं सांगताना मोठी जोखीम असते. जबडा हाती आला की दात कुठला आणि कितवा हे कळतं आणि जोखीम बरीच उतरते.

एका प्राण्याची दोन नावं कशी झाली

१९९७ साली ‘नेचर’मध्ये क्रॉस, प्रसाद, फॉन केनिग्सवाल्ड, साहनी आणि ग्राइन यांचा लेख आला. त्यात मादागास्करच्या ‘लाव्हानिफाय’ या नव्या सुडामेरिसिडचं वर्णन होतं आणि जोडीला आपला भारतीय दात. त्याला त्यांनी नाव दिलं नाही. एका दाताच्या बळावर नवी प्रजाती उभी करायची नाही, हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. मादागास्करचा आणि भारतीय दात पॅटागोनियाच्या प्राण्यांपेक्षा एकमेकांना जवळचे दिसत होते, एवढं त्यांनी नोंदवलं.

पुढच्या दहा वर्षांत साहित्य दोन ठिकाणी साठत गेलं. एका गटाकडे मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातल्या किसलपुरीचा दात आला. दुसरीकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात गोकाकच्या थरांतून निघालेले बरेच दात होते. गोकाक म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलं, कोल्हापूरकरांना धबधब्यासाठी ठाऊक असलेलंच. दोन्ही गटांनी आपापल्या दातांवरून नवी प्रजाती जाहीर केली आणि दोन्ही लेख एकाच वर्षात छापून आले.

दात एकाच प्राण्याचे आहेत हे लगेच का उमगलं नसावं? सुडामेरिसिडांत जबड्यातल्या जागेनुसार दात बदलतो. भारतथेरियमच्या काही दातांवर एक मोठी पन्हळ आणि मधोमध एक पोकळी आहे. ते बहुधा खालच्या जबड्यातले चौथे असावेत. आणखी एका दातावर एका बाजूला दोन पन्हळी आणि दुसऱ्या बाजूला तीन पोकळ्या आहेत. तो कदाचित तिसरा असेल. सुटे पाहिले तर ते दोन निराळ्या प्राण्यांचे वाटू शकतात. सुडामेरिकाच्या जबड्यात शेजारी शेजारी बसलेले दात समोर ठेवले, तरच असा फरक एकाच तोंडात मावतो हे पटतं. अर्जेंटिनातल्या त्या जबड्याने दख्खनच्या दातांना जागा नेमून दिली, असं म्हणायला हरकत नाही.

दोन्ही नावांचे दात शेजारी ठेवल्यावर पन्हळ, पोकळी, इनॅमलवरच्या रेघा सगळं जुळत गेलं, आणि नंतरच्या आढाव्यांत दोन्ही एकच ठरले. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे आधी छापलेलं नाव टिकतं, म्हणून भारतथेरियम राहिलं आणि दक्षिणा त्याचं पर्यायी नाव म्हणून दप्तरी जमा झालं. मला दक्षिणा हे नाव जास्त आवडायचं, पण आवडीला इथे जागा नाही. उलट दोन गटांनी एकमेकांना न विचारता जवळजवळ तीच लक्षणं वेगळी काढली, याने त्या लक्षणांवरचा विश्वास वाढतो.

तरी एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. गोकाक ते किसलपुरी हे सरळ अंतर सुमारे हजार किलोमीटर आहे. एवढ्या पल्ल्यात पसरलेल्या आठ दातांना एकाच जातीचं मानणं हा आज सगळ्यात सरळ अर्थ आहे, शेवटचा नाही. उद्या किसलपुरीला दहा-वीस दात आणखी निघाले आणि त्यांची ठेवण गोकाकच्या दातांपेक्षा सातत्याने वेगळी दिसली, तर दक्षिणा हे नाव दप्तरातून परत बाहेर येऊ शकतं.

पिसदुऱ्याचं गवत

दात झिजवणारं ते काहीतरी म्हणजे नेमकं काय? उंच मुकुटाचे दात म्हटलं की गवत आठवतं, कारण गवतात सिलिकाचे कण असतात आणि ते दात घासतात. पण डायनासोरांच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच, असा फार दिवस समज होता. पॅलिओसीनमधल्या सुडामेरिकाबद्दलही संशोधक पाणथळ जागी राहणं, बिळं करणं, मातीने माखलेलं अन्न खाणं अशी कारणं शोधत होते.

हा समज मोडला तो चंद्रपूर जिल्ह्यात. वरोऱ्याजवळचं पिसदुरा हे गाव जीवाश्म झालेल्या विष्ठेसाठी अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की तिथल्या विष्ठेत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण आहेत. ही विष्ठा बहुधा टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरांची. कणांच्या आकारावरून आजच्या गवतकुळाच्या उपशाखांतले निदान पाच प्रकार ओळखता आले, त्यांत भाताच्या नात्यातलेही. म्हणजे क्रिटेशसच्या अखेरीस भारतात गवत होतं, आणि तेही नुकतंच उगवू लागलेलं नव्हे, चांगलं शाखा फुटलेलं. त्याच लेखात गोंडवानाथेरियांच्या उंच दातांचा धागा या गवताशी जोडला गेला.

विदर्भातल्या एका गावाने जगभरच्या पाठ्यपुस्तकातला धडा बदलायला लावला, याचं मला अप्रूप वाटतं. पण प्रकरण तपासताना अप्रूप बाजूला ठेवायला हवं. गवत होतं हे सिद्ध झालं. भारतथेरियम गवत खात होता हे त्यावरून शक्यतेच्या कोटीत येतं, सिद्ध होत नाही. लाव्हाच्या प्रदेशात राख आणि धूळ सगळ्याच पानांवर बसत असणार, तीही दात झिजवते. प्राण्याच्या दातातल्या कार्बनच्या प्रकारावरून आहार ओळखायची पद्धत इथे फारशी उपयोगी नाही. गवतांची वेगळी ओळख पटवणारी प्रकाशसंश्लेषणाची पद्धत, ज्वारी-बाजरीत असते ती, फार नंतर आली, आणि त्या काळचं गवत आणि झुडूप या चाचणीला सारखीच दिसतील. माझं मत विचाराल तर गवत हे सगळ्यात पटणारं उत्तर आहे, पण ते एकटंच उत्तर असण्याची गरज नाही.

मधला समुद्र

गोंडवानाथेरियन पॅटागोनियात, मादागास्करमध्ये, भारतात आणि पुढे, पॅलिओसीननंतरच्या इओसीन काळातल्या अंटार्क्टिकातही. हे सगळे गोंडवाना या एकेकाळच्या अखंड दक्षिण खंडाचेच तुकडे. पण मादागास्कर आणि भारत यांची ताटातूट सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी झाली, आणि आपले दात त्यानंतर दोन कोटी वर्षांनी गाळात पडले. एकेकट्या तुकड्यांवर एकाच कुळाचे प्राणी कसे?

१९९७च्या लेखाने अंटार्क्टिकामार्गे जमिनीची वाट बराच काळ टिकली असावी, अशी बाजू मांडली होती. दुसरी शक्यता अशी की कुळाचे पूर्वज खंड फुटायच्या आधीच सगळीकडे पसरलेले होते आणि प्रत्येक तुकड्याने आपापला वाटा सोबत नेला. दुसऱ्या बाजूला वजन येण्यासाठी आफ्रिकेतून पुरावा हवा, कारण आफ्रिका आधी सुटली. टांझानियातून २०१९ साली वर्णन झालेला ‘गालुलाथेरियम’ हा गोंडवानाथेरियन असू शकतो. त्याच्या नात्याबद्दल अजून खात्रीने बोलता येत नाही. मला दुसरी बाजू अधिक पटते. क्रिटेशसच्या उत्तरार्धातले सस्तन जपणारे थर आफ्रिकेत मोजकेच आहेत, आणि न सापडणं म्हणजे नसणं असं मानायचं झालं तर १९८८ पर्यंत भारतातही क्रिटेशस सस्तन नव्हतेच.

मादागास्करने या कुळाला चेहराही दिला. २०१० मध्ये तिथून आणलेल्या एका दगडाच्या ठोकळ्यात सीटी स्कॅन केल्यावर कवटी दिसली. २०१४ साली ‘व्हिंताना’ या नावाने ती जाहीर झाली. लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, डोळ्यांच्या खोबणी मोठ्या, गालाच्या हाडाला खाली लोंबणारा विलक्षण मोठा पदर, जबड्याच्या दणकट स्नायूंसाठी. वजनाचा अंदाज ९ किलोच्या आसपास. त्या काळच्या सस्तनांत हा धिप्पाडच. मग २०२० मध्ये याच मोठ्या गटातल्या, पण दुसऱ्या कुळातल्या ‘अडालाथेरियम’चा जवळजवळ पूर्ण सांगाडा वर्णन होऊन आला.

व्हिंतानाचा चेहरा भारतथेरियमला लावून चित्र काढायचा मोह होतो आणि तशी चित्रं दिसतातही. दातांच्या मापावरून आपला प्राणी व्हिंतानापेक्षा बराच लहान होता, एवढंच म्हणता येतं. गालाचा पदर, डोळे, चाल, केस यांतलं काहीही आपल्या आठ दातांत लिहिलेलं नाही.

पुढे काय हवं

एक जबडा. दोन दात जागच्या जागी बसलेला हाडाचा तुकडा मिळाला तरी कितीतरी गोष्टी मार्गी लागतील: कुठला दात कितवा, एक जात की दोन, लाव्हानिफायशी जवळीक खरी की दाताच्या घडणीपुरती. मादागास्करच्या वाळूच्या थरांत सांगाडे अखंड गाडले गेले. आपल्या तळ्यांच्या गाळात पाण्याने घोळून सुटे झालेले दात अधिक येतात, म्हणून वाट लांबची आहे. पण गोकाक, नसकल आणि किसलपुरी यांच्या मधोमध महाराष्ट्र आहे, आणि नागपूरच्या टाकळीसारखे इंटरट्रॅपियन थर आपल्याकडे आहेतच.

विहीर खोदताना काळा पाषाण, मांजऱ्या, मुरूम असा क्रम चालू असताना मध्येच करडा किंवा हिरवट चिकणमातीचा, चुनखडीसारखा, शंखशिंपले असलेला पट्टा लागतो. लाल गेरूच्या थरापेक्षा तो वेगळा ओळखू येतो. गेरूत शिंपले नसतात. असा पट्टा लागला तर वरच्या ढिगातला काही भाग भरावात न ढकलता बाजूला ठेवावा, कुठल्या खोलीवर लागला ते लिहून ठेवावं आणि जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवावं. चार पोती पुरतात.